वर्गाआधीची वाटचाल

श्रोतेहो, मुलाला किंवा मुलीला एम.बी.ए.ला प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात. मग फीचे आकडे जुळवले जातात, कर्जासाठी बँकेत खेपा होतात, शहरात राहायची सोय पाहिली जाते. हे सारे पार पडते न पडते तोच संस्थेकडून आणखी एक पत्र येते. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी नव्या विद्यार्थ्यांना तीन-चार दिवस डोंगरात नेण्यात येईल. चांगले बूट, पाठपिशवी, विजेरी आणि रेनकोट बरोबर आणावा. खर्च अमुक इतका. ते पत्र वाचून घरातली वडीलधारी माणसे चष्मा काढतात आणि विचारतात, "अरे, तुला कारभार शिकायला पाठवतोय का दोराला लोंबकळायला?"

प्रश्न रोखठोक आहे, आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाच्या पालकाला तो विचारण्याचा पुरा अधिकार आहे. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करू.

ही कल्पना मुळात व्यापारशिक्षणातून आलेली नाही. ती आली समुद्रावरून. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडवीत होत्या. जहाज बुडाले की खलाशी लहान होड्यांत उतरत आणि मदत येईपर्यंत थंडीवाऱ्यात दिवस काढत. त्यात एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. अंगाने धडधाकट असलेले तरुण खलाशी आधी हात टेकत, आणि वयाने मोठे, पावसापाण्यात मुरलेले खलाशी तग धरून राहत. ब्ल्यू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना ही गोष्ट बेचैन करू लागली. त्यांची गाठ पडली कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाशी. हान मूळचे जर्मन. हिटलरला विरोध केला म्हणून १९३३ साली ते तुरुंगात गेले, सुटून ब्रिटनमध्ये आले, आणि १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. या दोघांनी १९४१ साली वेल्समधील अॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला. होड्या चालवायच्या, डोंगर चढायचे, आणि अडचणीत सापडलेल्याला सोडवायचे. बंदरातून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजाला इंग्रजीत 'आउटवर्ड बाउंड' म्हणतात; तेच नाव या संस्थेला मिळाले, आणि आज जगातल्या अनेक देशांत ती काम करते आहे.

म्हणजे मूळ हेतू गंमतीचा नव्हता. संकटात माणसाचे दंड किती भरलेले आहेत यापेक्षा तो धीर कसा धरतो आणि शेजारच्याला धीर कसा देतो, यावर सगळे अवलंबून असते, हा धडा जिवाच्या किमतीवर शिकलेल्या लोकांनी ही शाळा काढली होती.

पुढे हीच कल्पना कारखानदार आणि व्यापारशिक्षणाच्या संस्था यांनी उचलली. आपल्या देशात १९८४ साली बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा स्टीलने साहसी उपक्रमांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. पाल यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे नुसते गिर्यारोहकच तयार झाले नाहीत. कंपनीचे अधिकारीही पाठीवर बोजा घेऊन हिमालयात चालले. इंदूरच्या आय.आय.एम.ने आपल्या विद्यार्थ्यांसाठी हिमालयातला असाच उपक्रम घेतला. आणि आपल्या मुंबई-पुण्याच्या संस्थांची नवी मुले लोणावळा, मुळशी, कर्जत या बाजूंच्या शिबिरांत दिसू लागली.

अमेरिकेत तर याला प्रथेचे रूप आले आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केलॉग नावाची व्यवस्थापनाची संस्था आहे. तिथे प्रवेश घेतलेली मुले वर्ग सुरू होण्याआधी लहान लहान तुकड्या करून देशोदेशी हिंडून येतात, आणि त्यांना नेणारे असतात वरच्या वर्गातले विद्यार्थी. या सहलींतला एक दंडक मला फार मोलाचा वाटतो. पहिले काही दिवस कोणी कोणाला आपली आधीची नोकरी, कॉलेज, गाव यांतले काही सांगायचे नाही. स्वयंपाक कोण करतो, ओझे कोण उचलतो, हसवतो कोण, एवढ्यावरच ओळख व्हायची. बाकीचे सारे शेवटी सांगायचे.

आता हा दंडक आपल्याकडे आणून पाहा. आपल्याकडे माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला आपण विचारतो, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव कळले की गाव कळते, गाव कळले की पाहुणे कळतात, आणि मग समोरचा माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते आपले मन परस्पर ठरवून टाकते. चार दिवस नुसत्या नावावर राहायचे ठरवले, तर हा खणच उघडत नाही. डोंगर चढण्यापेक्षा हे काम आपल्याला अवघड आहे. पण उद्या कारखान्यात किंवा पेढीवर माणसे पारखायची असतील, तर त्याचा सराव हवाच.

पण श्रोतेहो, इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. डोंगरात नेले की माणूस आपोआप शहाणा होतो, असे नाही. डोंगरावर मूर्खपणाही शिकता येतो. याचा मोठा दाखला म्हणजे मे १९९६ मधली एव्हरेस्टची दुर्घटना. त्या वेळी पैसे घेऊन लोकांना शिखरावर नेणाऱ्या दोन तुकड्या वर होत्या. एकीचे नेते न्यूझीलंडचे रॉब हॉल, दुसरीचे अमेरिकेचे स्कॉट फिशर. दोघेही नाणावलेले गिर्यारोहक. शिखर गाठो न गाठो, दुपारी दोनच्या सुमाराला मागे फिरायचे, हा तिथला शहाणपणाचा नियम होता. त्या दिवशी दोन वाजून गेले तरी माणसे वरच चढत राहिली. मग वादळ आले. एव्हरेस्टच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ माणसे गेली. ते दोन्ही नेते त्यांत होते, आणि उत्तरेकडून चढणारे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन जवानही होते.

पुढे मायकेल रोबर्टो या प्राध्यापकांनी हार्वर्डच्या बिझनेस स्कूलसाठी या घटनेवर एक अभ्यासप्रकरण तयार केले, आणि ते व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवले जाऊ लागले. का बरे? कारण त्या तुकड्यांत काही जणांच्या मनात शंका आली होती. वेळ टळून गेली आहे, आता फिरले पाहिजे, हे त्यांना कळत होते. पण बोलले कोणी नाही. नेता एवढा जाणता, आपण कोण सांगणार? शिवाय माणसे एकमेकांना पुरती ओळखतही नव्हती. पैसे मोजले होते, शिखर समोर दिसत होते, आणि तोंडे बंद होती. नेत्यांच्या अनुभवाची वाण नव्हती. वाण होती ती एका वाक्याची, आणि ते वाक्य मागे चालणाऱ्या माणसाच्या तोंडून यायला हवे होते.

माझ्या मते समूहाने केलेल्या प्रवासाची खरी परीक्षा इथे आहे. सगळ्यांत मागे चालणारा जो आहे, त्याचा आवाज पुढच्याला ऐकू येतो का? येत असेल तर शिबिराचे पैसे वसूल झाले. येत नसेल तर ती नुसती सहल. छायाचित्रे चांगली येतील एवढेच.

ही विद्या आपल्याला वेल्स किंवा अमेरिकेकडूनच घ्यावी लागते, असे मात्र समजू नका. शेकडो माणसांनी मिळून पायी चालण्याचे शास्त्र आपल्या मातीत पूर्वीच तयार झाले आहे. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला त्यांनी शिस्तीचे रूप दिले. दिंड्यांचे क्रम ठरले, मुक्काम ठरले, वीणेकऱ्याची जागा, चोपदाराचे काम ठरले. संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार आपला दंड उंच करतो, आणि क्षणात सारे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. त्या शांततेत तो आवाज लपत नाही. चोपदार तिकडे जातो, काय झाले ते विचारतो, गाऱ्हाणे ऐकून घेतो. हरवले-सापडलेलेही तिथेच पुकारले जाते. मग आरती होते.

विचार करा. लाखोंच्या मेळ्यात तक्रार करणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही. बाकीचे गप्प होतात, म्हणून त्याचे ऐकू येते. एव्हरेस्टवर त्या दिवशी दोन वाजता कोणी असा दंड उंच केला असता तर! व्यवस्थापनाच्या कुठल्याही शिबिरात रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे ही रीत पाळावी, असे मला मनापासून वाटते. आज कुणाला काय खुपले, कोण मागे राहिला, पुढाऱ्याचे काय चुकले, हे बोलायचे, आणि पुढाऱ्याने उलट उत्तर न देता ऐकायचे.

आमच्या कडेगावात मोहरमच्या वेळी ताबुतांच्या भेटी होतात. हिंदू आणि मुसलमान मिळून तो सोहळा करतात, आणि दूरदूरची माणसे तो पाहायला येतात. बांबूंच्या सांगाड्यावर उभारलेले, शंभर फुटांहून उंच गेलेले ताबूत माणसे उचलून चालवतात. ज्याने खाली खांदा दिला आहे, त्याला वरचा कळस दिसत नाही. तो डावीकडे झुकतो आहे की उजवीकडे, हे लांब उभे असलेल्यालाच कळणार. त्याने ओरडून सांगायचे आणि खालच्याने विश्वास ठेवून पाऊल टाकायचे. आमच्याकडची मुले हे पाहत पाहत मोठी होतात. त्यांना समूहाचे काम पुस्तकातून समजावून द्यावे लागत नाही.

आणि तरीही याच मुलांची या नव्या प्रथेत कुचंबणा होते. ती गोष्ट आता सांगतो.

आमच्या भागातल्या एका मुलाला पुण्याच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. वडिलांची थोडी शेती, फी कर्जातून. डोंगरातल्या शिबिराचे पैसे मात्र वेगळे भरायचे होते. शिवाय बुटांची, पिशवीची यादी होती. कर्जाच्या मंजुरीत हा खर्च बसत नव्हता. मुलाने घरी तो विषयच काढला नाही. शिबीर ऐच्छिक आहे, मी जात नाही, असे कळवून तो मोकळा झाला. आठवड्याने वर्ग सुरू झाले तेव्हा बाकीची मुले एकमेकांना टोपणनावाने हाका मारीत होती. कोण चिखलात घसरला, कोणाचा भात करपला, या गोष्टींवर हशा पिकत होता. प्रकल्पासाठी पाच-पाच जणांचे गट करायला सांगितले, ते दोन मिनिटांत झाले. हा उरला. मग सरांनी त्याला एका गटात घातले. "सर, पहिल्या दिवशीच मी उशिरा आल्यासारखं झालं," असे तो मला म्हणाला. वेळेवर पोचलेल्या मुलाचे हे उद्गार आहेत.

गंमत पाहा. त्या शिबिरात चिखलातून चालणे, अंधारात वाट काढणे, चुलीवर स्वयंपाक करणे हे जे शिकवले गेले, ते या मुलाला घरचेच होते. तो गेला असता तर शहरातल्या चार जणांनी त्याच्यामागून पावले टाकली असती, आणि इंग्रजी बोलताना अडखळणारा हा मुलगा वर्गात शिरताना जरा ताठ मानेने शिरला असता. ज्याला या प्रवासाचा सर्वांत जास्त उपयोग, तोच खर्चामुळे बाहेर राहतो. अमेरिकेतल्या सहलींना तर हजारो डॉलर पडतात, आणि तिथेही न परवडणारी मुले असतातच. ओळखी वाढवण्यासाठी काढलेल्या उपक्रमाने पहिल्याच दिवशी वर्गात आतले आणि बाहेरचे असे दोन भाग पाडले, तर त्याला व्यवस्थापन कसे म्हणावे?

यावर उपाय अवघड नाहीत. शिबीर सगळ्यांसाठी असावे, आणि त्याचा खर्च फीमध्येच धरावा, म्हणजे तो कर्जातही येतो. बूट आणि पाठपिशव्या संस्थेने एकदा घेऊन ठेवाव्यात आणि दरवर्षी वापरायला द्याव्यात. आणि जागा जवळची, साधी निवडावी. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनने आजवर किती तरी मध्यमवर्गीय मुलांना माफक पैशात हिमालय दाखवला. काटकसरीने हिंडता येते, याला वेगळा पुरावा नको.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. अमेरिकेतली मुले उन्हाळ्याच्या अखेरीस हिंडतात. आपल्याकडे हे अभ्यासक्रम बहुधा जून ते सप्टेंबरच्या दरम्यान सुरू होतात, म्हणजे नेमके ऐन पावसात. त्या दिवसांत सह्याद्रीचा कडा देखणा दिसतो आणि तितकाच दगाबाज असतो. खडकावर शेवाळ धरलेले असते. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. धुक्यात वाट हरवते. वासोट्याची वाट वनखाते पावसाळ्यात बंद ठेवते, ती उगीच नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण ठरवले, आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे त्यात आहे. तेव्हा पालकांनी संकोच न करता विचारावे: नेणाऱ्यांची नोंदणी आहे का? पुढारी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगसारख्या ठिकाणी शिकून आलेले आहेत का? किती मुलांमागे एक जाणता माणूस आहे? मुलींबरोबर जबाबदार बाई आहेत का? जवळचा दवाखाना कुठे, आणि वाहन तयार असेल का? पाऊस वाढला तर मागे फिरण्याची वेळ कोणी आणि कशी ठरवायची? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: एखाद्या मुलाने "मला हे जमणार नाही" म्हटले, तर त्याला हसणार की त्याचे ऐकणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना जो अडखळेल, त्याच्या हाती मूल देऊ नये.

मला विचाराल तर अशा शिबिरासाठी घाटमाथाच हवा असे नाही. आमचा भाग कमी पावसाचा. एरवी ती आमची अडचण, पण पावसाळ्यात चालायला तीच सोय. एखाद्या संस्थेने आपली नवी मुले दोन-तीन दिवस इकडे पाठवावीत. कडेगावाहून पायी निघावे. देवराष्ट्रे गाठावे; १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथे आजोळी झाला. शेजारीच सागरेश्वराचा डोंगर आहे. तो एके काळी उघडाबोडका होता. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसे जोडली, झाडे लावली, जगवली. आणि १९८५ साली तिथे अभयारण्य जाहीर झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे ते रान, पण माणसांनी हातांनी उभे केलेले. वनखात्याची परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेने तो डोंगर चढावा. वरून कृष्णाकाठचा हिरवा पट्टा दिसतो आणि अलीकडची कोरडी जमीनही दिसते. ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून वर का आणावे लागले, हे तिथे उभे राहिल्यावर न सांगता कळते. मग कुंडलवरून किर्लोस्करवाडीला उतरावे. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळाची जमीन दिली, आणि १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहू लागला. कारभार शिकायला निघालेल्या मुलांना याहून चांगला पहिला धडा कोणता मिळणार? माळावर जंगल उभे करणारा एक माणूस, माळावर कारखाना उभा करणारा दुसरा; आणि दोघांनाही आधी माणसे जोडावी लागली.

या प्रवासात दोर नाही, कडा नाही, जिवाचा धोका नाही. पण पाय दुखतील, पाणी पुरवून वापरावे लागेल, भाकरी वाटून खावी लागेल, आणि सांजेला बसून एकमेकांचे ऐकावे लागेल. ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते एवढ्यात साधते.

तेव्हा सुरुवातीचा प्रश्न विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे असे की, मुलाला जरूर जाऊ द्या. मात्र आधी चौकशी करा. आणि जाणाऱ्या मुलामुलींना एकच सांगतो. चालताना सारखे पुढे पाहू नका. तासातून एकदा थांबा, माणसे मोजा, आणि सर्वांत मागे कोण आहे ते पाहून थोडा वेळ त्याच्याबरोबर चाला. शहरातून आलेल्यांनी खेड्यातल्याबरोबर चालावे, आणि खेड्यातल्यानेही बुजून मागे राहू नये. पुढे तुमच्यातले काही जण मोठ्या हुद्द्यावर जातील. तेव्हा हाताखालचा कोणी हळूच म्हणेल, "साहेब, वेळ टळून गेली आहे, आता फिरावं." ते वाक्य तुम्हाला ऐकू आले, तर वर्ग सुरू होण्याआधीचे ते तीन दिवस वाया गेले नाहीत, असे खुशाल समजावे.